वळसा

बोळाच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीसमोर, ड्रेनेजच्या चेंबरवर झाकण नव्हतं. सोमवारी सकाळी मला ते पहिल्यांदा दिसलं. सात दहाची शाळा, चार दिवसांनी नळाला आलेलं पाणी भरण्यात गेलेला वेळ, त्यात जानेवारीतल्या गारठ्यानं स्कूटर लवकर चालू होईना. चेंबर दिसताच मी हँडल डावीकडे घेतलं, गिरणीच्या पायरीला जवळजवळ घासून गाडी काढली आणि मनात म्हटलं, कुणीतरी पडणार इथं. हे वाक्य मी अगदी स्पष्ट, पूर्ण वाक्य म्हणून म्हटलं होतं. पुढचे कितीतरी दिवस ते मला शब्दन् शब्द ऐकू येत राहिलं. बाळीवेशीच्या चौकापर्यंत जाईतो मी ते विसरलो होतो. तास होता, तोही नववीचा, आणि प्रयोगशाळेची किल्ली शिपायाकडे होती की माझ्या ड्रॉवरमध्ये, तेच मी आठवत होतो.

मंगळवारी त्या भोकात कडुलिंबाची एक डहाळी उभी होती. खाली दोन विटांचा आधार आणि वर पाल्याला बांधलेला लाल कापडाचा तुकडा. कापड मी ओळखलं. समोरच्या अज्जींना कुणीतरी ओटीत दिलेला खण होता तो, मधोमध फाडलेला. अज्जी ऐंशीच्या घरातल्या. दोन्ही गुडघे गेलेले, उंबरा ओलांडायचा तर चौकट धरावी लागते. ही डहाळी त्यांनी शेळ्यांना पाला टाकायला जाणाऱ्या बाईकडून मागून घेतली असणार. बरं वाटलं मला. झालं कुणीतरी काहीतरी, असं वाटलं आणि गाडी पुन्हा डावीकडून काढली.

बुधवारी डहाळी गटाराच्या कडेला आडवी पडली होती. रात्री एखादा टेम्पो घासून गेला असेल. लाल तुकडा चिखलात. भोक पुन्हा उघडं. मी ते पाहिलं आणि गाडी डावीकडून काढली.

सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्याची गड्ड्याची यात्रा आठवड्यावर आली की आमच्या भागात रात्री काठ्यांचा सराव सुरू होतो. यात्रेत मिरवायच्या उंच नंदीध्वजाला आम्ही काठीच म्हणतो. एकट्या माणसानं ती पेलायची, नजर वर शेंड्याकडे, पाय आपोआप रस्ता शोधणारे, भोवती सांभाळायला माणसं, आणि पाठीमागून 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' असा उठणारा आवाज. लहानपणापासून तो आवाज कानावर आला की जेवणावरून उठावंसं वाटतं. बुधवारी रात्री साडेआठला सरावाची काठी आमच्या बोळावरून गेली. शेजारचा चौथीतला पोरगा तिच्यामागे धावला. त्याचीही मान वर, शेंड्याकडे. गिरणीसमोर तो अचानक दिसेनासा झाला, असं त्याच्याबरोबरच्या पोरीनं सांगितलं. तिनं हात करून दाखवलं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सरळ खाली. दोन्ही तळवे आधी उंच, मग एकदम खाली.

काठी पेलणाऱ्यांपैकीच दोघांनी त्याला वर काढलं. उजव्या पायाची नळी मोडली होती, हनुवटीला पाच टाके पडले. आत पाणी कमी होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं. दवाखान्याच्या बाकड्यावर अख्खा बोळ जमला होता. बायका म्हणत होत्या, सिद्धरामानं वाचवलं, काठीच्या मागं होता म्हणून वाचला. अज्जी, म्हणजे त्या पोराची सख्खी आजी, भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या : "श्रावणातली अडुसष्ट लिंगांची फेरी यंदा चुकली आमची. माझ्या गुडघ्यापायी चुकली. त्याचंच हाय हे." पोराची आई तोंडाला पदर लावून ऐकत होती. मला राहवेना. मी म्हटलं, "अज्जी, देवाला मधे आणू नका. झाकण माणसानं काढलं, माणसानंच परत बसवलं नाही. ज्या ठेकेदारानं खणलं त्याला धरा. फेरी चुकली म्हणून कुणाचा पाय मोडत नाही, झाकण नाही म्हणून मोडतो." बोलताना माझा आवाज चढला होता. पोराच्या बापानं मान डोलावली. "सरांचं बरोबर आहे," तो म्हणाला. कुणी काही बोललं नाही. अज्जींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

यातला एक शब्दही खोटा नव्हता.

रात्री साडेअकराला परत आलो. चेंबरभोवती आता कुणीतरी पत्र्याचे डबे आणि एक मोडकी खुर्ची ठेवली होती. खोदकामाची लाल माती तीन दिवस तिथंच पसरलेली होती आणि गिरणीच्या दिव्याच्या उजेडात तिच्यावरच्या चाकांच्या खुणा स्वच्छ दिसत होत्या. मी गाडी बंद केली आणि बघत राहिलो. स्कूटरची रुंद चाकं, मोटारसायकलची, सायकलची बारीक रेघ, दुधवाल्याच्या गाडीची, रिक्षाची तिहेरी. सगळ्या खुणा सरळ येत होत्या, भोकाच्या दोन हात अलीकडे डावीकडे वळत होत्या आणि पलीकडे जाऊन पुन्हा सरळ होत होत्या. जणू नदीत दगड आहे आणि पाणी त्याच्या बाजूनं वाहतंय. तीन दिवसांत त्या भोकाभोवती एक पक्की वाट तयार झाली होती. इतक्या गाड्या वळल्याशिवाय माती अशी दाबली जात नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ती वाट केली होती आणि त्यात माझ्या टायरची नक्षी मला ओळखू येत होती. मागचं चाक मी दिवाळीतच बदललं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. अर्ज कुणाला द्यायचा, ठेकेदार कोण, हे विचार येत होते, पण ते वरवरचे. खालून दुसरंच काही वर येत होतं. ज्या ठिकाणी मी एवढा ठाम बोललो, त्याच ठिकाणी मी काहीतरी चोरून नेलं होतं.

मी देव मानत नाही. हे मी लपवत नाही आणि मिरवतही नाही. आमच्या घरात ते अण्णांकडून आलं. अण्णा मिलमध्ये साच्यावर होते, लाल बावट्याचा माणूस. आई सोमवार करायची, सिद्धेश्वराला जायची. अण्णा तिला सायकलवरून तळ्यापर्यंत सोडायचे आणि स्वतः कठड्यावर बसून बिडी ओढत मासे बघत राहायचे. त्यांच्यात यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. अण्णा चिडलेले मी एकदाच पाहिले, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या सकाळी. मी पाचवीत होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मांडणीवरचे पितळी डबे एकमेकांवर आपटायला लागले आणि आईनं मला दंडाला धरून बोळात आणलं. आदल्या दिवशीच गणपती गेले होते. बोळातल्या पोरांच्या केसांत अजून गुलाल होता आणि उघड्यावर उभ्या असलेल्या बायका कुडकुडत होत्या. दुपारपर्यंत किल्लारी, सास्तूर ही नावं कानावर यायला लागली. मग जखमींना घेऊन गाड्या सोलापुरात येऊ लागल्या. घराघरातून भाकऱ्या गोळा झाल्या. याच अज्जींनी, तेव्हा त्या पन्नाशीच्या आत असतील, एका बैठकीत थापलेल्या भाकऱ्यांची चळत मी डोक्यावरून दवाखान्यात नेली होती. गरम होती ती, डोक्याला चटका बसत होता.

तिथं दवाखान्याच्या आवारात एक धोतरवाले गृहस्थ म्हणाले, "पाप वाढलं की भूमाता हलते." अण्णांनी त्यांची बाही धरली. "रात्री मोरया म्हणून नाचली आणि येऊन झोपली ती पोरं," अण्णा म्हणाले, "त्यांचं पाप सांगा मला. एकाचं सांगा." गृहस्थ गप्प झाले. पुढे अण्णा मदतीच्या ट्रकमधून तिकडे जाऊन आले. दोन दिवस जेवले नाहीत. मग हळूहळू बोलले ते भिंतींबद्दल. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, चुना नाही, सिमेंट नाही, नुसत्या मातीत रचलेल्या. वर माळवद. पावसात गळू नये म्हणून माळवदावर पांढरीची माती टाकायची, ती दरसाल, बापानं टाकलेल्या थरावर मुलानं आपला थर. घर कोरडं राहावं, उन्हाळ्यात गार राहावं म्हणून माणसं प्रेमानं छपराचं वजन वाढवत गेली आणि जमीन काही क्षण हलली तेव्हा ते सगळं वजन झोपलेल्यांवर आलं. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. तेव्हा अण्णा एक बोलले होते ते माझ्याजवळ राहिलं : "ठाऊक असून केलं असतं तर पाप म्हटलं असतं. ठाऊकच नव्हतं, त्यांना काय बोल लावायचा?"

मोठा झाल्यावर वाचलं तेव्हा कळलं की गोष्ट एवढी सरळ नव्हती. आदल्या वर्षी, १९९२ मध्येही किल्लारीच्या परिसरात धक्के बसले होते. लोक घाबरले होते, रात्री बाहेर झोपले होते, मग हळूहळू पुन्हा घरात गेले. जमीन इशारा देऊन गेली होती, पण त्या इशाऱ्याचा अर्थ लावणं ज्यांना शक्य होतं त्यांच्यापैकी अनेकांना दख्खनचं पठार हे न हलणारं पठार म्हणूनच माहीत होतं. मग 'ठाऊक' म्हणजे नेमकं किती ठाऊक? कानावर आलेलं ठाऊक की समजलेलं ठाऊक? अण्णा असते तर त्यांच्याशी यावर बोललो असतो. चेंबरच्या बाबतीत मात्र मला ही पळवाटही नव्हती. मी झाकण नसलेलं पाहिलं होतं. कुणी पडेल हे ओळखलं होतं. डहाळी पडलेलीही पाहिली होती. भूगर्भशास्त्र लागत नव्हतं त्याला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. वर्षातून एकदा, बहुतेक ऑगस्टमध्ये, आठवी-नववीच्या वर्गापुढे मी चमत्कारांमागचं विज्ञान करून दाखवतो. नारळाच्या शेंडीत सोडियमचा बारीक तुकडा लपवून पाणी शिंपडलं की भपकन पेट घेते ती शेंडी. करणी, बाहेरची बाधा, नारळातून निघालेली लाल चिंधी, या सगळ्याची भीती अजून आमच्या पोरांच्या घराघरात आहे, आणि त्या भीतीवर पैसे कमावणारी माणसंही आहेत. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला त्या आठवड्यात मी हा तास पहिल्यांदा घेतला. हात थरथरत होते माझे. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो त्याच वर्षी, ते गेल्यावर. तेव्हापासून एकही वर्ष हा तास चुकवलेला नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी या तासाला एका मुलीनं हात वर केला होता. विडी कामगार आईची पोर, अतिशय शांत. म्हणाली, "सर, देव बघत नसेल तर मग कोण बघतंय?" वर्ग हसला. मी हसलो नाही, प्रश्न मोलाचा होता. मी सांगितलं की माणसाला विवेक आहे, चांगलं-वाईट त्याचं त्याला कळतं, भीतीनं चांगलं वागणं हे खरं चांगलं वागणं नव्हे, कुणी बघत नसतानाही जो नीट वागतो तो खरा. तिनं ते वहीत लिहून घेतलं. 'विवेक' या शब्दाखाली पट्टीनं रेघ मारली. उत्तर आजही मला चुकीचं वाटत नाही. पण त्या बुधवारच्या रात्री ती पट्टीनं मारलेली रेघ माझ्या डोळ्यांपुढे आली. विवेक माझ्याकडे होताच की. त्यानं मला काय करायला हवं ते पहिल्याच मिनिटाला सांगितलंही होतं. विवेकाला पाय नसतात, एवढं त्या मुलीला सांगायचं राहून गेलं होतं. गाडी थांबवायला हात लागतो, उतरायला पाय लागतात, आणि दोन विटा उचलायला पाच मिनिटं शाळेला उशीर करावा लागतो.

१५ जानेवारी १९३४ ला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. ते म्हणाले की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथांना हे सहन झालं नाही. अस्पृश्यतेला त्यांचाही तितकाच विरोध होता, पण सृष्टीतल्या घटनेला सृष्टीतलंच कारण असतं, तिला नीतीचं कारण चिकटवणं म्हणजे लोकांच्या अंधपणाला खतपाणी घालणं, असं त्यांनी लिहिलं. गांधीजींनी ते आपल्या 'हरिजन'मध्ये छापलं आणि तरीही आपलं म्हणणं सोडलं नाही. हा वाद मला कॉलेजात असल्यापासून ठाऊक आहे आणि मी कायम रवींद्रनाथांच्या बाजूचा. आजही आहे. त्या भूकंपात मेलेल्यांत ज्यांनी अस्पृश्यता सोसली तेही असणार. ही कसली शिक्षा? पण यंदा त्या जुन्या वादात मला एक वेगळंच दिसलं. गांधीजींनी सांगितलेलं कारण चुकीचं होतं, मात्र बोट त्यांनी दाखवलं ते स्वतःकडे, आपल्या सवर्ण समाजाकडे. हे आपलं पाप आहे, माझंही, असं ते म्हणत होते. दवाखान्यातल्या बाकड्यावर मी सांगितलेलं कारण शंभर टक्के बरोबर होतं. बोट मात्र मी तिथं हजर नसलेल्या माणसाकडे दाखवलं. अज्जीसुद्धा चुकीचं कारण सांगत होत्या, आणि बोट होतं त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांकडे.

मग मी तर्काचं काय केलं? तर्कानं मी देवाला मोकळं केलं, फेरीला मोकळं केलं, आणि त्या गडबडीत हळूच स्वतःलाही. श्रद्धाळू माणूस 'त्याची इच्छा' म्हणून हात झटकतो तेव्हा आम्हाला किती पटकन दिसतं ते. 'यंत्रणाच सडलीय' म्हणत मी रोज हात झटकतो ते मात्र मला विचार केल्यासारखं वाटतं. ठेकेदाराचा दोष माझ्या दोषानं कमी होत नाही, हेही मला पक्कं कळतं. त्याला सोडू नये. पण दोष काही भाकरी नाही, एकानं तुकडा घेतला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचं कमी व्हायला. तो ज्याचा त्याच्याकडे अख्खाच्या अख्खा असतो.

सिद्धरामेश्वरांची एक गोष्ट आमच्याकडे सांगतात. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळात, त्यांनी इथं माणसं जमवून तळं खोदायला घेतलं. शरणांमधले ज्ञानी संत अल्लमप्रभू आले, खोदणाऱ्यांना टाकून बोलले, सिद्धरामांना 'वड्ड' म्हणाले, म्हणजे नुसता दगडमातीचं काम करणारा. बाहेर खणून काय होणार, आत कधी खणणार, असा त्यांचा रोख. लोक चिडून दगड घेऊन धावले. शेवटी वाद होऊन सिद्धरामांना आतली वाट उमगली आणि ते कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, गेले, अशी ही कथा. ज्ञानी माणसं ती अल्लमप्रभूंच्या बाजूनं सांगतात. मला लहानपणापासून त्या खोदणाऱ्यांचंच जास्त वाटत आलंय. दिवसभर टोपल्या वाहून पाठी मोडलेल्या, आणि कुणीतरी येऊन म्हणतो, हे काही खरं काम नव्हे. तळं अजून आहे. मे महिन्यात आमच्या गावाचं ऊन चव्वेचाळीस अंशावर जातं तेव्हा संध्याकाळी त्या पाण्यावरून येणारा वारा कुणालाही लागतो, मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्यालाही. अण्णा तिथंच बसायचे.

यंदा १४ जानेवारीला मी अक्षता सोहळ्याला गेलो नाही. दरवर्षी जातो. श्रद्धा नसूनही जातो, कारण संमती कट्ट्याभोवती ते पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक आणि एकाच वेळी हवेत उडालेल्या अक्षता बघितल्या की मला भरून येतं, आणि यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. ज्या कुंभारकन्येला सिद्धरामांशी लग्न करायचं होतं, तिला त्यांनी लग्नासाठी आपला योगदंड दिला, आणि त्या लग्नाला आठशे वर्षांनंतरही गाव जातं. यंदा मन होईना. दुपारी बोळ रिकामा होता, सगळे तिकडे गेलेले. अज्जी कट्ट्यावर एकट्याच ऊन खात बसल्या होत्या, पुढ्यात सूप, शेंगा फोडत होत्या. आत पोरगा पाय प्लॅस्टरमध्ये घालून टीव्हीवर सोहळा बघत होता. मला बघून त्या म्हणाल्या, "ये की तम्मा. आज हितं काय करलालायस? अक्षतेला न्हाई गेलास?"

मी बसलो. त्यांच्याबरोबर दोन-चार शेंगा फोडल्या. मग म्हटलं, "अज्जी, मला एक सांगायचंय. ते चेंबर मी सोमवारपासून बघत होतो."

त्या सुपातली टरफलं फुंकत होत्या. फुंकून झाल्यावर म्हणाल्या, "मला ठाव हाय की."

"म्हणजे?"

"खिडकीत बसत्ये न्हवं सकाळी. तिन्ही दिवस बघितलं. तू गाडी वळवून नेलास." मग थोडं थांबून, "समदेच नेत होते."

मला पुढे काय बोलावं सुचेना. दवाखान्यात मी एवढं बोललो तेव्हा त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं होतं, त्या पाहण्याचा अर्थ आत्ता लागला. "मग तिथं बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलू? सुनेसमोर तुझं नाव घेऊ? तिचं पोर आत टाके घालून घेतंय. जन्मभर तोंड बघितलं नसतं तुझं तिनं." त्यांनी एक शेंग फोडली, दाणा कुजका निघाला, तो बाजूला टाकला. "देवाचं नाव घेतलं की माणसं एकमेकांच्या दारात जायची ऱ्हात्यात. देवाला काय, सवय हाय त्याला."

मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. आतून टीव्हीवरचा जयघोष ऐकू येत होता, आणि खरा, लांबून, वाऱ्याबरोबर येणारा, थोडा मागे पडलेला. "मीबी बघितलं बघ," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "डहाळी पडलेली. बुधवारी पहाटंच बघितली. गुडघं लई दुखलालते. म्हटलं सून उठली की सांगू तिला. मग पाणी तापवायचं, डबं करायचं, त्यात ऱ्हाऊन गेलं." त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "फेरी चुकली म्हणत्ये तर समदी म्हणत्यात, ऱ्हाऊ द्या अज्जी, पुढच्या वर्षी करू. डहाळीचं कुणाला सांगू? त्याला पुढचं वर्ष न्हाई."

ऐंशी वर्षांची बाई, जी एकटीच त्या भोकापर्यंत उठून गेली होती, जिनं नवा खण फाडला होता, तिच्या मनावरही हे ओझं होतं. माझ्या तोंडावर 'तुमचा काय दोष अज्जी' आलं होतं, ते मी गिळलं. तिनं मला तसं म्हटलं नव्हतं. मी तिला ते म्हटलं असतं तर तो तिचा अपमान झाला असता, असं काहीसं वाटलं. आम्ही उरलेल्या शेंगा फोडल्या. बोटांना टरफलांची माती लागली होती.

दुसऱ्या दिवशी, होमाच्या रात्री, पोराच्या बापाला मी गच्चीवर गाठलं. होम मैदानाकडून धुराचा वास येत होता. उद्या सकाळी वासराची भाकणूक काय झाली हे सगळं गाव एकमेकांना विचारणार, दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरानं कशाला तोंड लावलं, पाऊस कसा, काय महागणार. अण्णाही विचारायचे. मी त्याला सांगितलं : सोमवारी पाहिलं, मंगळवारी पाहिलं, बुधवारी डहाळी पडलेली पाहिली, थांबलो नाही. दवाखान्यात ठेकेदाराचं बोललो ते खरं, पण हे सांगितलं नाही. तो माझ्यापेक्षा लहान. तो कठड्याला टेकून ऐकत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "सर, मोटर चालू ठेवून आलोय, टाकी वाहत असेल," आणि खाली गेला. परत आला तेव्हा हात ओले होते. अर्जाचं काय झालं ते त्यानं विचारलं. मी सांगितलं. बाकी काही तो बोलला नाही, त्या रात्री नाही आणि नंतरही नाही. भेटला की हसतो, पूर्वीइतकंच. त्या हसण्याचा अर्थ लावायचा मी आता थांबवलंय. माफी मिळाली की नाही हे ठरवणं माझ्या हातात नाही, आणि माझ्या बाबतीत ते काम करायला वर कुणी बसलेलंही नाही. कधी कधी वाटतं, असता तर बरं झालं असतं.

अर्ज दिल्यावर नवव्या दिवशी झाकण बसलं. लोखंडी नाही, सिमेंटचं, जाड, कडेला पिवळा रंग दिलेलं. माती झाडली गेली, खुणा गेल्या. सहा आठवड्यांनी पोराचं प्लॅस्टर निघालं. गिरणीसमोर आलं की माझी गाडी अजून आपोआप डावीकडे वळते. दुधवाल्याचीही वळते, मी पाहिलंय. तो पोरगा तेवढा वळत नाही. शाळेतून येताना झाकणावर दोन्ही पायांनी उडी मारतो, दाणकन आवाज येतो, खिडकीतून अज्जी ओरडतात, "पाय मोडून घेतोस का बे परत?" तो वर बघतो, दप्तर सावरतो आणि पुन्हा उडी मारतो.